मोजे कपाटात, सूज पायात

"पेशंट मोजे वापरतच नाहीत, मग देऊन उपयोग काय?" दवाखान्याच्या औषधखिडकीपासून वैद्यकीय खात्याबरोबरच्या बैठकीच्या टेबलापर्यंत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानाला टोचेनासे झाले आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. शिरा फुगलेल्या, पाय सुजणाऱ्या आमच्या साथींना दाबाचे मोजे, म्हणजे ज्यांना डॉक्टर कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणतात ते, लिहून दिले जातात, आणि ते बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, खोक्यासकट पडलेले असतात. मात्र "का वापरत नाहीत" हा प्रश्न विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. कारण त्याचे उत्तर प्रशासनाला अडचणीचे आहे. मोजे घालताच येत नाहीत, हे ते उत्तर.

आम्ही हे गंमतीने लिहीत नाही. ज्याने कधी असा मोजा हातात घेतला नसेल त्याला वाटेल, मोजा तो मोजा, पायात घालायचा आणि कामाला लागायचे. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, कंबर धरलेल्या ट्रॅक मेंटेनरला पहाटे साडेचार वाजता, ड्युटीला निघण्याआधी तो मोजा टाचेवरून वर ओढायला सांगून पाहा. दहा मिनिटे झटापट, घाम, बोटांची नखे दुखेपर्यंत ओढाताण, आणि शेवटी बायकोला किंवा मुलाला हाक. आठवडाभर हे चालते. मग एक दिवस उशीर होतो, मोजा राहतो, आणि त्यानंतर राहतोच. याला वैद्यकीय भाषेत "रुग्णाचे असहकार्य" असा शब्द आहे. चार तास सलग उभे राहून टपालाच्या खणांत पत्रे टाकणारा, सिग्नल मिळेपर्यंत उन्हात गेटवर थांबणारा, चालत्या गाडीत तोल सांभाळत तिकिटे तपासणारा माणूस असहकार्य करणारा! हा शब्द वापरणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पायात तो मोजा एकदा चढवावा आणि मग बोलावे.

हा आजार येतो कुठून, ते थोडक्यात. पायातले रक्त वर हृदयाकडे न्यायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकलले जाते, आणि शिरांमधल्या छोट्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा राहिला की हा पंप बंद. घोट्याजवळच्या शिरेतला दाब उभ्या माणसात ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब उतरत नाही. मग शिरा दोरखंडासारख्या वर येतात, संध्याकाळी घोटे सुजतात, कातडी काळपट पडते, खाज सुटते, आणि दुर्लक्ष झाले तर घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते जी महिनोन् महिने भरत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण डेन्मार्कमध्ये १२ वर्षे पाठपुरावा करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामाचा बहुतांश वेळ उभे किंवा चालत राहणाऱ्यांना फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात भरती होण्याचा धोका जास्त असतो असे दिसले आहे. आर. एम. एस. मधल्या आमच्या कोणत्याही जुन्या सॉर्टरला हे सांगायला डेन्मार्कला जावे लागले नसते.

मोजा बाहेरून दाब देतो. तो दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे कमी होत जातो, म्हणजे रक्ताला वरची वाट मोकळी. इथपर्यंत सगळे ठीक. पण याच रचनेत घालण्याची अडचण दडलेली आहे. मोज्याचा सर्वांत घट्ट भाग घोट्यावर बसायचा असतो, आणि तिथे पोचण्यासाठी त्याला टाच आणि पावलाचा उंचवटा यांच्यावरून जावे लागते. पायाचा हा घेर घोट्यापेक्षा कितीतरी मोठा. जो भाग सर्वांत अरुंद विणला आहे तोच सर्वांत रुंद जागेवरून ओढायचा, अशी ही कसरत. त्यात आमच्या ट्रॅकवाल्याचे हात. हातोडा, पहार आणि गिट्टी यांनी खरखरीत झालेले, भेगाळलेले. त्या भेगांत मोज्याचा बारीक धागा अडकतो आणि ओढ बसते. पावसाळ्यात पाय ओलसर, उन्हाळ्यात घामाने चिकट. खरगपूर असो, इटारसी असो की सिकंदराबाद, आमच्या मराठी साथींच्या नोकऱ्या जिथे जिथे आहेत तिथे वर्षातले कित्येक महिने घाम आहेच. थंड देशांतल्या माणसाला कोरड्या पायावर जे जमते ते इथे जसेच्या तसे जमेल, असे गृहीत धरणे चूक आहे.

आता पुरवठ्याकडे येऊ. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही, कारण हीच कहाणी इतरत्रही ऐकू येते) आमच्या साथीला मोजा मिळाला तो असा: डॉक्टरने चिठ्ठीवर "स्टॉकिंग, क्लास टू" लिहिले, खिडकीवरच्या माणसाने काउंटरवरून पायाकडे एक नजर टाकली आणि "मीडियम" म्हणून खोके सरकवले. टेप लागली नाही. घोटा मोजला नाही, पोटरी मोजली नाही, उंची मोजली नाही. दोन्ही पायांचा घेर वेगळा असू शकतो, ही गोष्ट तर कोणाच्या गावीही नव्हती. शर्टाची कॉलर मोजून घेणारा शिंपी या दवाखान्यापेक्षा जास्त शास्त्रीय म्हणायचा.

"क्लास टू" या दोन शब्दांतही घोटाळा आहे, आणि तो प्रत्येक शाखेच्या चिटणीसाने समजून घेतला पाहिजे. हे वर्ग जगभर एकसारखे नाहीत. ब्रिटिश मोजमापात दुसरा वर्ग म्हणजे घोट्याशी १८ ते २४ मिलिमीटर पारा. जर्मन मोजमापात दुसरा वर्ग म्हणजे २३ ते ३२. ब्रिटिश तिसरा वर्ग २५ ते ३५, म्हणजे जवळपास जर्मन दुसऱ्याएवढा. अमेरिकी पद्धतीच्या मोज्यांवर वर्गाऐवजी १५-२०, २०-३०, ३०-४० असे आकडेच छापतात. तेव्हा निविदेत नुसते "क्लास टू" लिहिले तर पुरवठादार कोणता माल देईल याचा भरवसा काय? डॉक्टरच्या मनात २० असेल आणि पायात ३० येईल. दहा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पहाटे पलंगाच्या कडेला बसून मोजा ओढणाऱ्याला तो चांगलाच कळतो. चिठ्ठीवर आणि निविदेवर वर्ग न लिहिता मिलिमीटर पाऱ्याचा आकडा लिहावा, ही मागणी फुकटची आहे. तिला एक पैसा लागत नाही.

याच्या उलट टोकाची गोष्टही घडते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पडून असलेल्या रुग्णाला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, पांढरे मोजे घालतात. त्यांचा घोट्याजवळचा दाब साधारण १८ मिलिमीटर असतो आणि ते आडव्या माणसासाठी बनवलेले असतात. हे मोजे चढायला तुलनेने सोपे, साठ्यातही असतात. म्हणून तेच कामावर जाणाऱ्या, दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात ठेवून द्यायचे! सोपा मोजा पाहिजे म्हणून आम्ही ओरडतो ते असल्या सोप्या मोज्यासाठी नव्हे.

काही डॉक्टर म्हणतील, आणि प्रामाणिकपणे म्हणतील, की दाब जास्त तेवढा उपयोग जास्त, मग त्रास सोसावा. या म्हणण्याला उत्तर आकड्यांतच आहे. २००६ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिरांच्या आजाराने झालेली पायाची जखम भरून आलेल्या ३०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ब्रिटिश वर्ग दोनचे मोजे, दुसऱ्याला जास्त दाबाचे वर्ग तीनचे. पाच वर्षांत पहिल्या गटात ३९ टक्के लोकांची जखम पुन्हा उघडली, दुसऱ्या गटात ३२ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका ठाम नव्हता. पण दिलेल्या वर्गाचा मोजा निभावता न आलेले लोक जास्त दाबाच्या गटात ४२ टक्के होते, कमी दाबाच्या गटात २८ टक्के. ज्यांनी मोजा सोडला त्यांच्यात जखम परत होण्याचे प्रमाण जास्त. यातून निघणारा व्यवहार साधा आहे: माणूस रोज घालू शकेल आणि सोसू शकेल असा जास्तीत जास्त दाब द्यावा. "रोज घालू शकेल" ही अट दाबाच्या आकड्याइतकीच वैद्यकीय अट आहे. ती चिठ्ठीवर कुठेच लिहिलेली नसते.

मग घालायला सोपा मोजा म्हणजे कोणता? इथे आमच्या साथींनी थोडे लक्ष द्यावे, कारण मागायचे काय हेच माहीत नसेल तर मिळेल ते घ्यावे लागते.

पहिली गोष्ट लांबीची. मांडीपर्यंतचा मोजा पाहिजेच असे डॉक्टरने कारण देऊन सांगितले नसेल, तर गुडघ्याखालचा मागा. बहुतेक शिरांच्या आजारात तो पुरतो, अर्ध्या कष्टात चढतो, आणि मांडीवरून घसरून गुडघ्यामागे गुंडाळी होण्याचा प्रकार टळतो. दुसरी गोष्ट बोटांची. बोटे उघडी असलेला मोजा घ्यावा. त्याचा खरा फायदा असा की पावलावर आधी निसरड्या नायलॉनची पिशवी चढवायची, पॅराशूटच्या कापडासारखी असते ती. तिच्यावरून मोजा सुरकन टाचेपलीकडे जातो, आणि मग ती पिशवी पुढून, बोटांच्या बाजूने ओढून काढायची. अशा पिशव्या तयार मिळतात. मिळाली नाही तर दुकानातली पातळ, गुळगुळीत पॉलिथिनची पिशवीसुद्धा काम करते. टाचेची लढाई निम्मी तिथेच जिंकली जाते. बंद बोटांच्या मोज्यासाठीही वेगळ्या बनावटीच्या पिशव्या आहेत, पण उघड्या बोटांचा प्रकार शिकायला सोपा. शिवाय कॅनव्हासच्या बुटात घामाने बोटांत चिखल्या होणाऱ्यांना तो सोसतोही बरा.

तिसरी गोष्ट हातमोजे. भांडी घासायचे रबरी हातमोजे, खरबरीत तळव्याचे. हे वाचून काहींना हसू येईल. पण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी साधन हेच आहे. रबराने मोज्यावर पकड बसते, त्यामुळे वरची किनार धरून ओढण्याऐवजी तळव्यांनी कापड थोडे थोडे वर सरकवता येते. खरखरीत हातांचा प्रश्न सुटतो, नखाने धागा तुटत नाही, सुरकुत्या सपाट करता येतात. मोज्याच्या प्रत्येक जोडीबरोबर हातमोज्यांची एक जोडी दिली तर खात्याचे दिवाळे निघणार नाही. जो दवाखाना मोजे देतो आणि हातमोजे देत नाही, तो कुलूप देऊन किल्ली ठेवून घेतो.

ज्यांना वाकताच येत नाही, गुडघ्याची किंवा कमरेची शस्त्रक्रिया झाली आहे, बोटांना संधिवात आहे, त्यांच्यासाठी तारेची चौकट असते. मोजा तिच्यावर ताणून उघडा ठेवायचा, पाय वरून आत घालायचा आणि दोन्ही बाजूंचे दांडे वर ओढायचे. निवृत्त साथींमध्ये याची गरज मोठी आहे. ज्याने पस्तीस वर्षे उभ्याने नोकरी केली त्याच्या पायाचे दुखणे निवृत्तीच्या दिवशी सेवापुस्तकाबरोबर बंद होत नाही. उलट तेव्हाच हाताची ताकद कमी झालेली असते.

आणखी एक वाट दोन थरांची. एक जड मोजा चढत नसेल तर कमी दाबाचे दोन मोजे एकावर एक. दोघांचा दाब साधारण एकत्र होतो, पण प्रत्येक वेळी ओढायचा असतो तो हलकाच. आतला थर गुळगुळीत असेल तर वरचा त्याच्यावरून सरकतो. जखम असलेल्या पायांसाठीही असे दुथरी संच आहेत. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असे दुथरी मोजे आणि चार थरांची पट्टी यांची तुलना झाली. दोन्हीकडे सुमारे ७० टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, आणि भरलेली जखम पुन्हा उघडण्याचे प्रमाण मोज्यांच्या गटात कमी निघाले. सगळ्यांना मोजे मानवले असे मात्र नाही, उपचार बदलून घेणारे त्या गटात जास्त होते. ते लपवण्यात अर्थ नाही.

चेन लावलेले मोजे आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांचे आवरण हे आणखी दोन प्रकार. चेनचा मोजा पाहताक्षणी मोहात पाडतो. पण चेन बंद करताना कातडी चिमटण्याची भीती असते, विशेषतः जखम असेल तिथे, आणि दाबाचा आकडा त्यावर छापलेला नसेल तर तो घेऊच नये. वेल्क्रोचे आवरण महाग. मात्र ते टाचेवरून ओढावे लागत नाही, पायाभोवती गुंडाळून एकेक पट्टी आवळायची, दुपारी सूज उतरून सैल पडले तर पुन्हा आवळायची. ज्याला मोजा कोणत्याच उपायाने चढत नाही त्याला हा हक्काचा पर्याय मिळाला पाहिजे. जाडीमुळे ड्युटीच्या बुटात ते बसेल की नाही हे आधी पाहावे. हत्तीरोगाने पायाचा आकारच बदललेल्यांची गोष्ट वेगळी. आमच्या पूर्व विदर्भातल्या साथींना ती ठाऊक आहे. त्यांना तयार मापाचा मोजा बसत नाही, मापाने विणून घ्यावा लागतो किंवा वेल्क्रोच वापरावे लागते. त्यांना "मीडियम की लार्ज" विचारणे ही थट्टा झाली.

सोपे करण्याच्या नादात काही चुकीच्या वाटाही रूढ झाल्या आहेत. एक नंबर मोठा मोजा घेणे ही त्यातली पहिली. तो चढतो खरा, पण दाब देत नाही, सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती पायात काचते. वरची किनार दुमडून ठेवणे त्याहून वाईट. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होऊन दोरी बांधल्यासारखे होते आणि खालची सूज वाढते. तेल लावून मोजा घालणाऱ्यांनी ते सोडावे. तेलाने पाय निसरडा होत नाही, चिकट होतो, आणि मोज्याचा ताणही लवकर जातो. पाय कोरडा हवा, फार तर थोडी टाल्कम पावडर. वेळ सकाळची, उठल्या उठल्या, सूज चढण्याआधी. रात्रपाळीवाल्यांनी सकाळची वाट पाहू नये. झोपून उठल्यावर, पाय खाली सोडण्याआधी, हाच अर्थ घ्यावा. मोजा साध्या मोज्यासारखा गोळा करून घालायचा नसतो. टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालून टाच टाचेच्या जागी नीट बसवायची, आणि मग उरलेला भाग थोडा थोडा वर उलगडत न्यायचा. हे लिहायला तीन ओळी लागल्या. दवाखान्यात हे दाखवायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे कोणाच्याच ड्युटीत बसत नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही ठणकावून सांगतो, कारण संघटनेचे पत्रक वाचून कोणी परस्पर बाजारातून मोजा आणून चढवू नये. पायाच्या रोहिणीत, म्हणजे शुद्ध रक्ताच्या नळीत अडथळा असेल तर दाबाचा मोजा पायाचा घात करू शकतो. मधुमेह असलेले, वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणारे, थोडे चालले की पोटरीत गोळा येऊन थांबावे लागणारे, यांनी आधी तपासणी करून घेतलीच पाहिजे. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करणारी डॉपलरची तपासणी काही मिनिटांची असते, त्यासाठी लागणारे यंत्र हातात मावते. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर मोजा काचतो आहे हेही कळत नाही. हृदय कमजोर असल्यामुळे येणाऱ्या सुजेवर मोजा हा उपाय नव्हे. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर ती शिरेत गुठळी असू शकते, त्या दिवशी मोजा शोधत न बसता डॉक्टर गाठायचा. मोजे लिहून देण्याआधी डॉपलर झाले का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा. विचारला म्हणून कोणी रागावले तर शाखेला कळवावे.

आता खर्चाचे रडगाणे. "एल-वन आहे, आमचे हात बांधलेले आहेत." हे उत्तर आम्हाला पाठ आहे. पण सर्वांत कमी दराची तुलना ही तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्या निविदांमध्येच करायची असते. तांत्रिक अटी लिहितो कोण? खातेच. त्या अटींत दाबाचा आकडा, मापांची पूर्ण श्रेणी, आखूड आणि लांब असे दोन्ही प्रकार, उघड्या बोटांचा पर्याय, हातमोजे आणि सरकपिशवी लिहिली, तर त्यांतलाच सर्वांत स्वस्त माल घ्या, आमची हरकत नाही. अटी न लिहिता स्वस्त माल घ्यायचा आणि तो कपाटात गेला की कामगाराला दोष द्यायचा, याला काटकसर म्हणत नाहीत. न वापरलेली प्रत्येक जोडी हा सरकारी पैशाचा शंभर टक्के अपव्यय आहे. लेखापरीक्षकांनी कधीतरी हे कपाट उघडून पाहावे.

जोड्यांचा हिशेबही असाच. मोजा रोज धुवावा लागतो, नाहीतर घामाने कातडी खराब होते आणि कापडाचा ताणही परत येत नाही. म्हणजे एक अंगावर, एक दोरीवर, अशा किमान दोन जोड्या. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत ताण उतरतो. वर्षाला एक जोडी देणाऱ्या दवाखान्याने उरलेले सहा महिने कामगाराने काय घालावे, तेही सांगावे.

आमच्याच माणसांत एक अडसर आहे, तोही बोलून टाकतो. "हे बायकी मोजे आम्ही नाही घालणार", असे म्हणणारे पुरुष साथी कमी नाहीत. आणि महिला साथी, ज्या मेल ऑफिसात पुरुषांइतक्याच तास उभ्या असतात आणि घरी जाऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतात, त्या स्वतःचे दुखणे शेवटी सांगतात. घोट्याची जखम उघडल्यावर ड्रेसिंगच्या रांगेत दोघेही भेटतात. त्या रांगेपेक्षा मोजा बरा.

पण प्रशासनाने याचा सोयीस्कर अर्थ काढू नये. मोजा दिला म्हणून स्टूल द्यायला नको, असा व्यवहार आम्ही मान्य करणार नाही. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे, म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ होते. केरळमध्ये कापड दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी झगडून २०१८ साली दुकाने कायद्यात दुरुस्ती करून घेतली. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. साडीच्या दुकानातली विक्रेती हे मिळवते, आणि केंद्र सरकारच्या दोन मोठ्या खात्यांतला कामगार उभाच? गेटवर, पार्सल ऑफिसात, सॉर्टिंगच्या खणांसमोर टेकायला उंच स्टूल, तासाभराने पाच मिनिटे चालायची मुभा, टाचा वर-खाली करून पोटरी हलवायला जागा, ही मोज्याच्या आधीची गरज आहे. मोजा नंतर येतो.

तेव्हा येत्या बैठकांसाठी विषयपत्रिकेवर काय टाकायचे ते स्पष्ट असावे. रेल्वेच्या शाखांनी पी. एन. एम. मध्ये आणि टपालाच्या शाखांनी आपल्या विभागीय बैठकीत हा विषय लेखी द्यावा, तोंडी सांगून सोडू नये. टेपने माप आणि डॉपलर झाल्याशिवाय मोजा दिला जाऊ नये. चिठ्ठीवर मिलिमीटरचा आकडा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: नर्स किंवा ड्रेसरसमोर कामगाराने, किंवा घरी त्याला मदत करणाऱ्याने, मोजा स्वतः घालून आणि काढून दाखवल्यावरच तो "दिला" अशी नोंद व्हावी. चढला नाही तर तिथेच दुसरा प्रकार द्यावा, हातमोजे द्यावेत, सरकपिशवी द्यावी, दोन थर करावेत, नाहीतर वेल्क्रो मंजूर करावे. जिथे खात्याचा दवाखाना नाही आणि कामगाराला खिशातून घेऊन खर्चाचा परतावा मागावा लागतो, तिथे मोज्याबरोबरची ही साधनेही परताव्यात धरावीत.

बैठकीला जाण्याआधी शाखेच्या चिटणीसांनी एवढे करावे. आपल्या युनिटमधल्या ज्यांना मोजे मिळाले आहेत त्यांची यादी काढावी आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: माप घेतले होते का, घालायला कोणी शिकवले का, आणि आज मोजा कुठे आहे. उत्तरे तारखेसह लिहून घ्यावीत. शक्य असेल तर न वापरलेले मोजे खोक्यासकट पिशवीत भरून बैठकीत न्यावेत, आणि "पेशंट वापरत नाहीत" हे वाक्य उच्चारले गेले की ती पिशवी टेबलावर रिकामी करावी. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला आपल्या मापाचा एखादा चढवून पाहायचा असेल, तर रबरी हातमोजे आम्ही बरोबर आणू.